शांतता म्हणजे झालं

रविवारी कीथलीत पाऊस नव्हता, तरी बाहेर जावंसं वाटेना.
डिस्क भरल्याची सूचना पंधरा दिवस
मी कोपऱ्यात ढकलत होतो.
शेवटी काळी खिडकी उघडली.
तिथे चित्रं नाहीत, पिवळी फोल्डरं नाहीत.
कर्सर तेवढा लुकलुकतो,
पेठेतला दुकानदार नुसती मान उडवून
'काय हवं' विचारतो तसा.

विचारलं, सगळ्यात जड कोण?
यादी आली. कुणी लाजलं नाही.
एकाच बोर्डिंग पासच्या अकरा प्रती.
काउन्सिलचं कचऱ्याचं वेळापत्रक, तीन वर्षांचं,
तरी करड्या डब्याचा वार अजून शाल्मलीच सांगते.
'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल':
ती नोकरी दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली.

ऑफिसातल्या क्लाइव्हने एकच नियम शिकवला होता.
आर-एम लिहायच्या जागी आधी एल-एस लिही,
काय जाणार ते डोळ्यांनी बघ, मग घालव.
इथे केराची टोपली नाही,
'नक्की ना?' म्हणणारं कुणी नाही,
चांदणीमागे एक मोकळी जागा चुकून पडली
की घर धुऊन निघतं.
आणि काम नीट झालं तर यंत्र काही बोलत नाही.
शांतता म्हणजे झालं.

बेचाळीस जीबी सुटले. हातही सुटला.
म्हटलं, घरात कोण कोण आहे तेही मोजू.
हाक मारली. चौदा जणांनी ओ दिली.
फोन, लॅपटॉप, टीव्ही, दारावरची बेल,
प्रिंटर, जो कागद मागितला की मेल्यासारखा पडतो
पण हजेरीला पहिला.
जानेवारीपासून पलंगाखाली असलेला वजनकाटा,
तिथूनही 'हजर'.
तेरापर्यंत नावं जुळली.
चौदावा बिननावाचा. सहा जोड्यांचा पत्ता, बस्स.
रात्री पावणेबाराला येतो, अर्धा तास थांबतो,
फारसं काही नेत नाही.
चोर इतकं कमी का नेईल, हे मला सुचलं नाही.

पासवर्ड बदलला.
जुना म्हणजे मांजराचं नाव आणि एक-दोन-तीन.
नवा बावीस अक्षरी, मलाही पाठ नाही.
राउटरला बाहेरून एक दार उघडं होतं,
कुणी उघडलं, कधी, आठवेना. लावून घेतलं.
मग बारापर्यंत जागा राहिलो.
चौदावा आला नाही.
भिंतीपलीकडूनही काही ऐकू आलं नाही.
शांतता म्हणजे झालं.

सोमवारी सातला बेल वाजली नाही,
तिला नवा पासवर्ड द्यायचा राहिला होता.
दारावर टकटक झाली.
शेजारच्या डोरीन ऑलरेनशॉ, ब्याऐंशी वर्षांच्या,
ड्रेसिंग गाउनवर कोट,
छातीशी टॅब्लेट, तापलेलं पोर धरावं तसा.
"हा मला आत घेईना.
ऑकलंडला मुलगी जेवणाच्या सुट्टीत वाट बघत बसली असेल."
दुसऱ्या हातात पाकीट, गॅसच्या बिलाचं,
मागे मांजराचं नाव, एक-दोन-तीन.
अक्षर माझं.

दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फात त्यांची लाइन पडली,
तेव्हा दार लोटता लोटता दिलं होतं
आणि विसरलो होतो.
त्यांच्या फ्रिजवर ते चुंबकाखाली जपलेलं.

आता पाहुण्यांसाठी वेगळं जाळं काढलंय,
तिथून आमच्या फायली दिसत नाहीत.
नाव विचारलं तर म्हणाल्या,
"तुमच्या भाषेतलं ठेव, चोराला वाचता येणार नाही."
'विरजण' ठेवलं.
म्हणजे काय?
म्हटलं, शेजारून चमचाभर आणायचं,
आपलं घट्ट लागावं म्हणून. परत करायचं नसतं.
"परत नाही करायचं?" हे काही त्यांना पटलं नाही.
पायरीवर बसून एकेक अक्षर सांगितलं,
व्ही फॉर व्हिनेगर, आय फॉर इस्त्री,
नाही नाही, आय फॉर आइस.

बुधवारी दारात लेमन कर्डची बरणी होती.
इथल्या कर्डात दही नसतं.
झाकणावर पेनाने विरजण लिहिलेलं,
त्यातला जे दोनदा.